मॉरिशसचा काळा दगड

मॉरिशसच्या उसाच्या फडांत जागोजाग काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे असतात. काही दोन पुरुष उंच, काही नीट रचून पायऱ्यांसारखे चढवलेले. परदेशी पाहुण्यांना ते एखाद्या जुन्या संस्कृतीचे अवशेष वाटतात. प्रत्यक्षात ते ऊस लावण्यासाठी जमीन मोकळी करताना माणसांनी हातांनी वेचून काढलेले दगड आहेत. आधी गुलामांनी वेचले, मग हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांनी. मॉरिशस समजून घ्यायचं तर समुद्रकिनाऱ्याकडे पाठ करून या ढिगांपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. बेटाचा भूगोल, इतिहास आणि आजची माणसं या तिन्हींचे धागे तिथे येऊन मिळतात.

हा दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड, आणि हे नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यामागे पृथ्वीच्या पोटातला जो तप्तबिंदू होता, त्याला आज रियुनियन तप्तबिंदू म्हणतात. भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेलं, भट्टी जागीच राहिली. सरकत्या पट्टावर तिने एकामागून एक ठिपके उमटवले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. पुढे ती आफ्रिकेच्या पट्टाखाली आली आणि साधारण ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्राबाहेर आलं. त्यानंतर रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे रायगडाचा कडा आणि मॉरिशसच्या फडातला ढीग एकाच भट्टीतून निघाले, फक्त मध्ये काही कोटी वर्षं गेली. २०१७ साली तिथल्या जेमतेम साठ लाख वर्षं जुन्या खडकात तब्बल तीन अब्ज वर्षं वयाचे झिरकॉन या खनिजाचे कण सापडले. बेटाच्या बुडाशी एका हरवलेल्या प्राचीन भूखंडाचा तुकडा दबलेला आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

नकाशावर पाहिलं तर मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. जवळजवळ आरशातली जागा. अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याच्या तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. देशात आणखी बेटंही आहेत: पूर्वेला ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज, उत्तरेला हजारेक किलोमीटरवर आगालेगा, आणि ईशान्येला सेंट ब्रँडनची वाळूची बेटं. रॉड्रिग्जला २००२ पासून स्वतःची विधानसभा आहे. तिथे बहुतेक लोक क्रियोल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) आणि कॅथलिक आहेत, आणि मॉरिशसविषयी आपण जे बोलतो त्यातलं निम्मं रॉड्रिग्जला लागू होत नाही.

मुख्य बेटाची घडण एखाद्या फुटक्या कढईसारखी आहे. कडेला जुन्या ज्वालामुखीच्या भिंतीचे उरलेले सुळके, मध्ये उंच पठार, आणि उत्तरेला सपाट होत जाणारा प्रदेश. सर्वांत उंच शिखर पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटर. डोक्यावर धोंडा तोलून धरल्यासारखं दिसणारं पीटर बोथ ८२० मीटर. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो डच गव्हर्नर जनरल १६१५ साली याच बेटाजवळ जहाज फुटून बुडाला. उंची सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही, पण परिणाम तोच होतो. वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, पठारावर चढतात आणि तिथेच रिते होतात. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. महाबळेश्वर आणि वाईचं जे गणित, तेच हे; फक्त आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि तिथे पूर्वेकडून. ऋतूही उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये थंडी. मे महिन्याच्या सुट्टीत क्युरपीपला जाणाऱ्याने स्वेटर घेऊन जावं, कारण ५५० मीटरवरचं ते गाव धुक्यात आणि बुरबुरीत असतं.

बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाचा बांध आहे आणि बांधाच्या आत शांत, उथळ पाणी. बांधात मधूनमधून खिंडी आहेत, त्यांना तिथे ‘पास’ म्हणतात. त्या बहुधा नदीच्या मुखासमोर असतात, कारण गोडं पाणी आणि गाळ प्रवाळाला सोसत नाही. जहाज आत येऊ शकतं ते फक्त खिंडीतून, म्हणून बंदरंही तिथेच झाली. पोहणाऱ्यांसाठी हीच जागा घातक: बांधावरून आत आलेलं पाणी ओहोटीला याच खिंडीतून जोराने बाहेर पडतं. आत पाणी कमरेएवढं आणि निवांत दिसतं, म्हणून माणसं फसतात.

वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. इशारे चार पायऱ्यांचे असतात आणि तिथल्या शाळकरी मुलांनाही ते पाठ असतात. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला. दुसरा अशा बेताने की उजेडाचे बारा तास हाती राहावेत, तिसरा उजेडाचे सहा तास हाती राहावेत असा. झोत प्रत्यक्ष १२० च्या वर नोंदले गेले आणि पुढेही तसेच येणार असतील तर चौथा. पहिल्याला पाणी, मेणबत्त्या, डबाबंद अन्न भरून ठेवायचं आणि छपरावरच्या सैल वस्तू उतरवायच्या. तिसरा लागला की कामधंदा, बसगाड्या सगळं थांबतं. सर्वांत मोठी चूक वादळाचा डोळा वरून जाताना होते. वारा एकाएकी पडतो, आकाश उघडतं, लोक नुकसान पाहायला बाहेर पडतात, आणि मग वारा उलट दिशेने पूर्ण जोराने येतो. आधीच्या वाऱ्याने खिळखिळं केलेलं जे काही असतं, ते या दुसऱ्या फेरीत उडतं.

फेब्रुवारी १९६० च्या ‘कॅरोल’ वादळात झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. गवताच्या आणि पत्र्याच्या घरांची वाताहत झाली. त्यानंतर देशाने घर बांधण्याची पद्धतच बदलली. आज गावोगाव दिसणारी सपाट गच्चीची काँक्रीटची घरं, वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या, ही कॅरोलची देणगी. पण काँक्रीटने दुसरी अडचण आणली: पाणी मुरायला जागा उरली नाही. राजधानी पोर्ट लुई डोंगराच्या ओंजळीत वसलेली आहे. ३० मार्च २०१३ ला तिथे अचानक आलेल्या पुरात ११ माणसं गेली.

आता माणसांकडे. या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांना मास्कारेन म्हणतात ते पेद्रू मास्कारेन्यस या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून. तोच पुढे गोव्याला व्हाइसरॉय होता. १५९८ मध्ये डच आले, आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला ‘मॉरिशस’ म्हणू लागले आणि १६३८ पासून राहू लागले. त्यांनी जावाहून ऊस आणि हरणं आणली, आबनूसची जंगलं तोडली. उंदीर, डुकरं, माकडं यांनी जमिनीवर अंडी घालणाऱ्या डोडोचा निकाल लावला. डोडो शेवटचा खात्रीने दिसला तो १६६२ च्या सुमारास. त्याआधी जिवंत डोडो सुरतेपर्यंत पोचले होते, तिथे दोन पाहिल्याची नोंद एका इंग्रज प्रवाशाने केली आहे. १७१० मध्ये वादळं, दुष्काळ आणि उंदरांना कंटाळून डच निघून गेले.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि नाव ठेवलं ‘इल द फ्रांस’. बेटाचा खरा पाया घातला तो १७३५ ला आलेल्या गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने: पोर्ट लुईचं बंदर, रस्ते, इस्पितळ, साखर. हे सगळं उभं केलं ते मादागास्कर आणि मोझांबिककडून, काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही धरून आणलेल्या गुलामांनी. पाँडिचेरीहून आलेले तमिळ कारागीरही याच काळातले. म्हणजे बेटावरची तमिळ वस्ती मजुरीच्या करारांच्या पुष्कळ आधीची.

इंग्रजांना हे बेट हवं होतं, कारण इथून निघणारी फ्रेंच जहाजं त्यांच्या हिंदुस्थानच्या व्यापारावर तुटून पडत. ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोरच्या खाडीत इंग्रजांच्या चार फ्रिगेटी, म्हणजे लढाऊ जहाजं, गेल्या. खिंडीच्या आतला तळ माहीत नसल्याने त्या प्रवाळावर अडकल्या. दोन जाळाव्या लागल्या, दोन फ्रेंचांच्या हाती पडल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला हा एकमेव आरमारी विजय. तीन महिन्यांत इंग्रज परत आले ते तयारी करून. मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि केपहून फौजा जमवल्या, आणि उत्तर टोकाला काप मालेरोपाशी उतरले. तिथल्या बांधातून आरमार आत येऊच शकत नाही अशी फ्रेंचांची खात्री होती. डिसेंबरच्या सुरुवातीला बेट पडलं.

शरणागतीच्या अटी मात्र फार उदार होत्या: रहिवाशांचे कायदे, रीतिरिवाज, धर्म आणि मालमत्ता तशीच राहील. या एका तहाने आजचं मॉरिशस घडवलं. इंग्रजी राज्य १५८ वर्षं टिकलं, तरी मळे फ्रेंच कुटुंबांकडे राहिले, दिवाणी कायदा फ्रेंच राहिला, वर्तमानपत्रं आजही मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात. राज्यघटनेत देशाची अधिकृत भाषा म्हणून कुठलीच नाही. फक्त संसदेची भाषा इंग्रजी, आणि सभासदाला फ्रेंचमध्ये बोलायची मुभा. घरात बहुसंख्य लोक बोलतात ती तिसरीच भाषा, क्रियोल. गुलामांनी मालकांच्या फ्रेंचमधून घडवलेली ही भाषा आज बेटावर सगळ्यांची आहे, मराठी घरांचीसुद्धा.

१८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजइतका खाली आणला आणि बेटभर ऊस झाला. दुसरं पीक टिकत नव्हतं याचं कारण पुन्हा वारा. ऊस वादळात आडवा होतो पण बहुधा मुळासकट उपटत नाही. लवंग, कॉफी, कापूस एका रात्रीत जातात. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. सुमारे ६६ हजार माणसं मुक्त झाली, पण नुकसानभरपाई मिळाली मालकांना. मुक्त झालेल्यांना आणखी चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबवलं गेलं. संधी मिळताच त्यांनी मळे सोडले, यात नवल काहीच नाही.

मजूर हिंदुस्थानातून आणायला सुरुवात आधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ माणसं आणली. हा दिवस आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पण त्याच्याही आधी, १८१५ पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधायला तिकडे पाठवले जात होते. मॉरिशसचे जुने पक्के रस्ते आणि पूल पाहताना हे लक्षात असू द्यावं.

१८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांवर माणसं आली. सुमारे तीन पंचमांश कलकत्त्याहून, एक तृतीयांश मद्रासहून, आणि उरलेली थोडी मुंबईहून. करार बहुधा पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिधा रोज दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडं मीठ, आणि वर्षाकाठी कपडे. कागदावर ठीक वाटतं. प्रत्यक्षात खोट होती ती ‘दुहेरी कपाती’त: एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी माणूस महिनाअखेरीस मळ्याचाच देणेकरी व्हायचा. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरांना मोकळं राहता येऊ नये म्हणून १८६७ मध्ये कायदा कडक झाला. फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगायचा, नसेल तर भटक्या ठरवून तुरुंग. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने सह्यांचा अर्ज केला, त्यावरून शाही चौकशी बसली आणि हा जाच काहीसा सैल झाला.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर हे लोक ज्या सोळा पायऱ्या चढून वर आले, त्या शिल्लक आहेत. ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ पासून जागतिक वारसा. आवाराचा बराचसा भाग रस्त्याखाली गेला. उरलेला तासाभरात पाहून होतो, पण तो तास द्यावाच.

शेतीची रीत आपल्या ऊसवाल्यांना लगेच कळेल. गाळप जून ते डिसेंबर. एकदा लावलेला ऊस सात-आठ खोडवे देतो, म्हणजे आपल्यापेक्षा बराच जास्त. साखर उतारा दहा टक्क्यांच्या आसपास. चिपाड जाळून वीज करण्यात त्यांनी लवकर जम बसवला. १८५८ मध्ये अडीचशेवर छोटे कारखाने होते, आज तीन उरलेत. १९७५ पासून युरोप ठरावीक कोटा चढ्या भावाने घेत असे. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला आणि लहान शेतकऱ्याचं गणित मोडलं. हे लहान शेतकरी म्हणजे मजुरांचे वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा भाव पडला, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे करून विकल्या आणि मजुरांनी पैपैने साठवून त्या घेतल्या. दगडांचे ढीग तिथेही त्यांनीच रचले. आता मजूर मिळत नाहीत, तोडणी यंत्राने करायची, आणि यंत्राची पाती दगडावर मोडतात. म्हणून दगड पुन्हा काढले जात आहेत, या वेळी बुलडोझरने. २००१ मध्ये प्रवाळाच्या बांधाआतल्या उथळ पाण्यातून वाळू काढायला बंदी आली, तेव्हापासून बांधकामाला दगडाचा भुगा लागतो. त्यामुळे जुने ढीग थेट खडी केंद्रावर जातात. माझ्या मते त्यातले थोडे तरी जागच्या जागी राखायला हवेत, कारण त्या माणसांनी मागे ठेवलेलं एवढंच बांधकाम आहे.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. त्याआधीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधी आघाडीला पडली होती, कारण अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची धास्ती होती. त्यातून निघालेली तोड आजही चालू आहे. निवडून आलेल्या ६२ खासदारांखेरीज आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांपैकी कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजाला देता येतात. समाज चार धरतात: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’, म्हणजे क्रियोल आणि गोरे. हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. आणि स्वातंत्र्याची किंमत म्हणून चागोस द्वीपसमूह १९६५ मध्येच तोडून घेतला गेला. तिथल्या रहिवाशांना दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळासाठी हाकलून दिलं. २२ मे २०२५ ला ब्रिटनने सार्वभौमत्व परत देण्याचा करार केला, तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ठेवून.

समाजांतला तोल किती नाजूक आहे ते नोटेवर दिसतं. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यात तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला. तमिळ आधी ही जुनी रीत मोडली म्हणून एवढा क्षोभ झाला की नोटा मागे घेऊन नव्याने छापल्या. सुट्ट्यांचंही तसंच. महाशिवरात्र हिंदीभाषकांची, कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची, आणि गणेशचतुर्थी मराठी लोकांची म्हणून सार्वजनिक सुट्टी. जनगणनेत धर्माच्या रकान्यात लोक ‘मराठी’ असं लिहितात आणि ते वेगळं मोजलं जातं. जगात दुसरीकडे कुठे असं होत असेल असं वाटत नाही.

ही मराठी मंडळी लोकसंख्येच्या दीड टक्क्याच्या आसपास. पूर्वज मुख्यतः कोकणातले, रत्नागिरी आणि आसपासचे. पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात आणि पठारावर वाक्वासच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो असं मानतात. घुंगरू बांधून, ढोलकी आणि झांजांच्या तालावर गोल धरून नाचायची ‘झाकरी’ त्यांनी जपली, तीच आपल्याकडची जाखडी. शाळांत मराठी विषय आहे, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत वरचं शिक्षण आहे. पण घरातली भाषा क्रियोल, आणि तिथे जाऊन कुणी मराठी बोललं नाही म्हणून हिरमुसणं अन्यायाचं आहे. पावणेदोनशे वर्षांनी शब्द गेले, सण आणि देव राहिले, यातच त्यांचे कष्ट दिसतात.

खाण्यात मात्र पुरणपोळी पाहिल्यासारखं वाटतं. रस्त्यावर जोडीने विकली जाणारी ‘धोल पुरी’ म्हणजे बिहारची दालपुरी, पातळ आणि मऊ. अर्धा किलो मैद्याला पाव किलो चणाडाळ, एक चमचा हळद, एक चमचा भाजल्या जिऱ्याची पूड, मीठ. पुरणाची सवय असलेल्यांची पहिली चूक डाळ शिजवण्यात होते. पुरणासाठी आपण डाळ गाळ शिजवतो. इथे बोटाने चिरडेल पण दाणा आख्खा राहील एवढीच शिजवायची. जास्त शिजली की सारण ओलं होतं आणि लाटताना पुरी फाटते. डाळ पूर्ण निथळून, गार करून कोरडी बारीक दळायची, कारण जाडसर कणही आवरण फोडतात. निथळलेल्या पिवळ्या पाण्यातच, दोन-तीन चमचे तेल घालून, मैदा सैलसर भिजवायचा आणि अर्धा तास ठेवायचा. लिंबाएवढ्या गोळ्यात सारण भरून पातळ लाटायची, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तेल लावून मिनिटभरात उतरवायची आणि लगेच कापडात गुंडाळायची. तवा फार तापला तर ती कडक होते आणि गुंडाळता येत नाही. आत मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोचा ‘रुगाय’, लोणचं आणि मिरचीचा ठेचा.

शेवटी, ज्यांचे नातेवाईक त्या बाजूला गेले असण्याची शक्यता आहे, किंवा तिथल्या कुणी मूळ गाव शोधायला मदत मागितली आहे, त्यांच्यासाठी. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता. महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरात त्या क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज, आल्याची तारीख असं नोंदलेलं सापडतं. पुढच्या काळातल्यांचा फोटोही. क्रमांकापर्यंत पोचायला तिथल्या माणसाने स्वतःच्या जन्मदाखल्यापासून वडील, आजोबा, पणजोबा असे दाखले ओळीने मागे न्यावे लागतात. पहिल्या पिढीतल्या मुलांच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या नोंदीत आईबापांचा क्रमांक लिहिलेला असतो. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओळखपत्राची) सोय जाहीर केली, तेव्हापासून हे शोध वाढण्यालाही कारण आहे.

शोध अडतो तो चार ठिकाणी. आडनाव शोधू नये, ते बहुधा लिहिलेलंच नाही. कारकुनाने माणसाचं नाव आणि बापाचं नाव घेतलं, मुलांना बापाचं नाव आडनाव म्हणून लागलं. म्हणून तिथे महादू, भिवाजी, रामजी ही आडनावं आहेत, आणि सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी असू शकतात. दुसरं, गावाचं नाव मोठ्याने वाचून पाहावं. इंग्रज किंवा फ्रेंच वळणाच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. डोळ्यांना न ओळखू येणारं नाव उच्चारलं की ओळखीचं निघतं. तिसरं, ‘मुंबई’ असं लिहिलेलं असेल तर ते बंदर असण्याची शक्यता जास्त, गाव नव्हे. चौथं, जिल्हे त्या वेळचे धरावेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा; त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरीत होतं, सावंतवाडी वेगळं संस्थान होतं, आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. नोंदीत ‘रत्नागिरी’ दिसलं आणि आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या नावाचं गाव सापडलं नाही, तर शोध सोडून न देता आधी मालवण आणि देवगड तालुक्यांची गावं तपासावीत.